‘शोले’चे दोन शेवट

२०२५ सालच्या मार्गशीर्षात कौटुंबिक कार्यानिमित्त आम्हांस भोपाळ येथे आठ दिवस राहण्याचा योग आला. उतरलो होतो जवाहर चौकात, एका निवृत्त मराठी गृहस्थांच्या घरी. हा भाग तात्या टोपे नगरात मोडतो. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि सरकारी नोकरांसाठी जी नवी वस्ती उभी राहिली तिला सत्तावनच्या त्या मराठी सेनानीचे नाव मिळाले. आज मात्र सारा गाव तिला नुसते ‘टी. टी. नगर’ म्हणतो, आणि त्या दोन आद्याक्षरांत तात्या कुठल्या कुठे लपून गेले आहेत. जुन्या बैठ्या घरांपैकी बरीचशी पाडून तेथे रुंद रस्ते आणि उंच इमारती होत आहेत. आमचे यजमान (त्यांस सारी गल्ली काका म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणू) या सगळ्याकडे पाहून म्हणाले, “घरं पाडून नवी बांधतात, अन् सिनेमा तेवढा जुन्याचा जुना करून दाखवतात. गंमत आहे की नाही?”

काकांच्या या उद्गाराला निमित्त होते. १२ डिसेंबर रोजी ‘शोले’ हा चित्रपट पुनरुद्धारित रूपात, ‘द फायनल कट’ असे उपनाम घेऊन, देशभरच्या चित्रगृहांत पुन्हा लागला होता. आम्ही दोघांनी तो भोपाळातच पाहिला. दुसऱ्या दिवशी काकांनी कपाटातून ‘शोले’च्या दोन जुन्या डीव्हीडी काढल्या आणि तीन संध्याकाळी दिवाणखान्यात त्या लावून चित्रगृहात जे पाहिले ते घरच्या पडद्याशी ताडून पाहण्याचा उद्योग आम्ही केला. प्रस्तुत लेख हे त्या उद्योगाचे फळ होय.

कीर्तन, नाट्यसंगीत आणि देवस्थानांचे उत्सव यांच्या चर्चेला सरावलेले आमचे वाचक येथे भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. दरोडेखोरांच्या हिंदी बोलपटाचे या पानांत काय काम? परंतु ज्याने गोव्यात किंवा तळकोकणात जत्रेच्या रात्री देवळापुढे बसून दशावतार पाहिला आहे, त्याला ‘शोले’ परका वाटण्याचे कारण नाही. संकासुर येतो तेव्हा पोरे आईच्या पदराआड दडतात, आणि तोच संकासुर बोलू लागला की तीच पोरे खदखदून हसतात. भय आणि विनोद एकाच पात्रात नांदावेत ही युक्ती आमच्या दशावतारी मंडळींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमजद खान यांचा गब्बरसिंग याच जातीचा आहे. खडकावरून खडखडत येणारा त्याचा पट्टा प्रथम ऐकू येतो आणि माणूस मागाहून दिसतो. राक्षसाचा प्रवेश कसा घडवावा याचे ज्ञान ज्या कोणाला असेल, तो या दृश्यास दाद दिल्यावाचून राहणार नाही.

चित्रपटाची कुळकथा थोडक्यात सांगतो. रमेश सिप्पी यांचे दिग्दर्शन, जी. पी. सिप्पी यांची निर्मिती, सलीम-जावेद यांचे लेखन, राहुलदेव बर्मन यांचे संगीत. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. बाह्यचित्रण कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत झाले, तर आगगाडीवरील दरोड्याचे दृश्य पनवेलनजीकच्या लोहमार्गावर सात आठवडे खपून टिपण्यात आले. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराय’, अमेरिकन व इटालियन घोडेस्वारपट, आमच्याकडचा ‘मेरा गाँव मेरा देश’ या सर्वांचे ऋण त्यावर आहे, आणि ते लपविण्याचा प्रयत्नही त्याने केलेला नाही.

आता पुनरुद्धाराविषयी. ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ या मुंबईच्या संस्थेने सिप्पी फिल्म्सच्या साह्याने हे काम हाती घेतले आणि इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत ते पार पडले. ज्यावर छायालेखक द्वारका दिवेचा यांनी प्रत्यक्ष चित्रण केले ती मूळ निगेटिव्ह फीत जवळपास निकामी झाली होती. अशा फितींचा पाया ॲसिटेटचा असतो. उष्ण आणि दमट हवेत तो विरघळू लागतो, त्यातून शिरक्याचा उग्र वास सुटतो, फीत आकसते, वाकते आणि तिच्यावरचा चित्रलेप सुटू लागतो. आमच्या कोकणपट्टीच्या हवेत काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. सत्तर मिलिमीटरची एकही प्रत शिल्लक नव्हती. तेव्हा इंग्लंडमध्ये आणि मुंबईत राहिलेल्या मधल्या पिढीच्या फितींवरून नवे चित्र सिद्ध करावे लागले. २७ जून २०२५ रोजी बोलोन्याच्या प्रमुख चौकात, उघड्या आकाशाखाली, ते प्रथम दाखविण्यात आले. चौकात पडदा बांधून गावाने एकत्र सिनेमा पाहावा ही रीत आपल्याला गणेशोत्सवातून चांगली परिचयाची आहे. इटलीच्या लोकांना ती अद्याप टिकवता आली याचा आम्हांस हेवा वाटला.

काकांच्या दोन डीव्हीडींपैकी एक १९८ मिनिटांची आहे, दुसरी २०४ मिनिटांची. पहिली म्हणजे १९७५ साली सेन्सॉरने संमत केलेला चित्रपट, आणि दुसरी म्हणजे दिग्दर्शकाच्या मनातला. ही दुसरी १९९० सालच्या सुमारास विलायतेत निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवरून प्रथम लोकांपुढे आली. तोपर्यंत पंधरा वर्षे भारतीय प्रेक्षकाला ती ठाऊकच नव्हती. म्हणजे या चित्रपटाचा खरा शेवट चित्रगृहाआधी घरात पोचला. किंबहुना ‘शोले’ला घरात शिरण्याची खोड आरंभापासूनच आहे. पॉलिडॉर कंपनीने त्याच्या संवादांची तबकडी काढली होती. नुसत्या संवादांची! ती मंडपामंडपांतून वाजे, आणि ज्यांनी चित्रपट पाहिलाही नव्हता अशा मुलांना ते सारे तोंडपाठ असे.

चौकटीच्या बाबतीत मात्र वाचकांनी सावध राहावे. ‘शोले’ चित्रित झाला तो साध्या पस्तीस मिलिमीटर फितीवर, साधारण चारास तीन या प्रमाणात. मग त्याचे रूपांतर सत्तर मिलिमीटरमध्ये, २.२ : १ अशा रुंद चौकटीत करण्यात आले. हिशेब मांडला तर मूळ चित्राच्या उंचीपैकी सुमारे साठ टक्केच भाग पडद्यावर येतो. २०४ मिनिटांची डीव्हीडी ‘पूर्ण चौकट’ दाखविते, म्हणजे दिग्दर्शकाने कापून टाकण्यासाठीच ठेवलेले आकाश आणि जमीनही दाखविते. भोळ्या ग्राहकास वाटते, आपल्याला अधिक मिळाले. प्रत्यक्षात रामनगरच्या खडकांचा जो दाब पात्रांच्या डोक्यावर हवा तोच नाहीसा होतो, आणि गब्बरपुढे उभे केलेले त्याचे तीन साथीदार चित्राच्या मध्यावर कुठेतरी तरंगत राहतात. उलट १९८ मिनिटांच्या प्रतीत चौकट रुंद आहे, पण शेवट सेन्सॉरचा! एका प्रतीत चित्र बरे आणि कथा अपुरी, दुसरीत कथा पुरी आणि चित्र विस्कळित. घरच्या पडद्यावर ‘शोले’ पाहणाऱ्याने कित्येक वर्षे ही पंचाईत सोसली. २०१४ साली चित्रगृहांत लागलेल्या त्रिमिती आवृत्तीने त्यात काही भर घातली असे आम्हांस वाटत नाही. रंगीत चष्म्याचे कौतुक तेवढे झाले. पुनरुद्धारित प्रतीचे पहिले श्रेय हे की तिने रुंद चौकट आणि मूळ शेवट प्रथमच एकत्र आणले.

दुसरे श्रेय ध्वनीचे. जय नाणे उडवितो, ते खडकावर पडून घरंगळते, आणि मिनर्व्हात लोक आपल्या खुर्चीखाली नाणे शोधू लागत, अशी आख्यायिका आहे. सहा मार्गांनी खेळविलेल्या त्या ध्वनीचे पुनर्मुद्रण मंगेश देसाई यांच्या हातचे. घरच्या दूरचित्रवाणी संचाला दोन इवले भोंगे. तेथे नाणे पडते ते जणू ताटात. बसंतीच्या टांग्याच्या पाठलागात पंडित सामता प्रसाद यांचा तबला आहे, हे आम्हांस पूर्वी वाचून ठाऊक होते, कानांना ते यावेळी प्रथम पटले. घोड्यांच्या टापा आणि डग्ग्याची घुमक एकमेकींत मिसळतात, पण एक दुसरीला गिळत नाही. ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येनंतर जो रिकामा झोपाळा करकरत राहतो, त्याने तर सबंध चित्रगृह स्तब्ध झाले. तेथे पार्श्वसंगीत नाही, केवळ वारा आणि ती कडी.

आमच्या मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट अनुषंगाने सांगतो. ‘शोले’ला त्या वर्षी फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, आणि ते संकलक एम. एस. शिंदे यांना. कलादिग्दर्शन राम येडेकर यांचे. कालिया झालेले विजू खोटे आणि इमामाचा पोरसवदा मुलगा अहमद झालेले सचिन हेही आपलेच. चित्रपटाचे श्रेय लोक नटांस आणि लेखकांस देतात. कात्री चालविणाऱ्यास ते क्वचित लाभते. साडेतीन तासांच्या या पसाऱ्यात प्रेक्षकाने एकदाही घड्याळ पाहू नये, यात त्या कात्रीचा वाटा किती मोठा असेल!

मंदिरातील प्रसंगाविषयी आमच्या वाचकांस कुतूहल असेल. बसंती शंकराच्या देवळात मनाजोगता नवरा मागावयास येते आणि वीरू मूर्तीमागे दडून देवाच्या आवाजात तिला उपदेश करू लागतो. काही सोवळ्या मनांना हे खटकले असेल. आम्हांस ते खटकले नाही. देवाच्या नावाने स्वतःचे कार्य साधणाऱ्या भोंदूची फजिती करणे हा आमच्या कीर्तनकारांचा आवडता विषय आहे. येथेही जय बसंतीला हळूच आणून सोंग उघडे पाडतो. फसतो तो वीरू. देव तसाच शांत बसून राहतो. याच चित्रपटात आंधळा इमाम पुत्राच्या शवापुढे उभा राहतो आणि नंतर नमाजाची वेळ झाली म्हणून मशिदीची वाट धरतो. ए. के. हंगल यांच्या त्या चार पावलांत जी श्रद्धा दिसते, तिला पंथाचे कुंपण घालता येणार नाही.

आणि भोपाळात बसून सूरमा भोपालीला विसरणे अशक्यच. लाकडाच्या वखारीचा हा फुशारकीबाज मालक जगदीप यांनी असा रंगविला की या शहराचे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे १९८८ साली त्यांनी त्याच नावाचा स्वतंत्र चित्रपटही काढला. जावेद अख्तर यांचे महाविद्यालयीन शिक्षण येथल्या सैफिया कॉलेजात झाले. भोपाळी बोलीची ती लकब त्यांच्या कानात तेव्हाच बसली असणार. आम्ही काकांना विचारले, भोपाळकरांना यात आपली टवाळी वाटत नाही काय? ते म्हणाले, “तुमच्या मालवणीचं ‘वस्त्रहरण’ झालं तेव्हा मालवणकर रागावले का? हसले, अन् मग आपल्या बोलीत मोठ्यानं बोलू लागले.” मच्छिंद्र कांबळी यांच्या नाटकाची ही आठवण आम्हांस भोपाळात, इंदूरकडच्या वळणाच्या मराठीतून ऐकावयास मिळेल असे वाटले नव्हते.

आता मुख्य वादाकडे वळतो.

मूळ शेवट असा : दोन्ही हात गमावलेला ठाकूर, रामलालने तळव्यांना खिळे ठोकून दिलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवितो, आणि जेथे आपले हात तोडले गेले त्याच जागी त्याचा अंत करतो. सेन्सॉरला हे मान्य झाले नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली होती. माजी पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हाती घ्यावा, हे त्या दिवसांत पडद्यावर दिसणे शक्य नव्हते. तेव्हा घाईने शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन क्षणी पोलीस येतात, कायद्याची महती सांगतात, आणि ठाकूर पाय मागे घेतो. पन्नास वर्षे भारताने हाच शेवट पाहिला.

सेन्सॉरची प्रत्येक कात्री आम्ही वाईट म्हणणार नाही. इमामाच्या मुलाच्या हत्येचे दृश्य त्यांनी गाळावयास लावले. त्याच्या चित्रणास एकोणीस दिवस लागले होते म्हणतात. परिणामी प्रदर्शित चित्रपटात उरले ते इतकेच : गब्बरच्या हातावर एक मुंगी चढते, तो ती चिरडतो, आणि पुढल्या दृश्यात घोडा मुलाचे प्रेत घेऊन गावात येतो. याहून भयंकर काय दाखविता आले असते? येथे सरकारी धाकाने, नकळत का होईना, कलेची सेवा केली. आमच्या मते मुंगीची ती जागा संपूर्ण चित्रपटातील सर्वांत निर्दय जागा आहे, आणि तीत रक्ताचा थेंब नाही.

शेवटाचे तसे नाही. पोलिसांचा शेवट आम्हांस पूर्वीपासून पटत असे. सूड माणसाला राक्षसाच्याच पंक्तीस बसवितो, म्हणून ठाकुराने थांबावे, हे आम्ही अनेकदा मांडलेही आहे. दोन्ही शेवट लागोपाठ पाहिल्यावर आमचे मत डळमळले. कारण मूळ शेवटात सूडाचा जल्लोष नाहीच. गब्बर मरतो आणि ठाकूर लहान मुलासारखा रडू लागतो. संजीवकुमार यांचा तो चेहरा सेन्सॉरने देशापासून लपविला. ज्या एका हेतूवर तो इतकी वर्षे जगला तो पुरा झाला. आता ना हात, ना पुत्र, ना हेतू. भीमाने दुःशासनाच्या रक्ताची प्रतिज्ञा पुरी केली, तरी महाभारत तेथे संपत नाही. पुढे स्त्रीपर्व आहे, विधवांचा आक्रोश आहे. मूळ ‘शोले’ला त्याचे इवलेसे स्त्रीपर्व होते. पोलिसांच्या शेवटाने सूड टाळला खरा, पण त्याबरोबर शोकही टाळला, आणि शोकावाचून या कथेला वजन येत नाही.

आम्ही हे बोललो तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, “अहो, तुम्ही पुस्तकातून बोलता. आम्ही इथले. तो इन्स्पेक्टर अगदी वेळेवर येतो ना, तिथं मला दर खेपेला हसू येतं.”

आम्ही पुढे काही विचारले नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मारली, ते हेच शहर. कंपनीचे अध्यक्ष अँडरसन यांना त्याच आठवड्यात अटक झाली, जामीन मिळाला, ते मायदेशी गेले आणि खटल्यास कधीही उभे राहिले नाहीत; २०१४ साली त्यांचा तिकडेच अंत झाला. येथल्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती २०१० साली, दोन वर्षांची. त्या रात्रीच्या स्मरणदिनानंतर नवव्या दिवशी हा चित्रपट येथे पुन्हा लागला होता. वेळेवर पोचलेल्या कायद्याचे दृश्य या शहरातील वृद्ध माणूस कोणत्या नजरेने पाहत असेल, याचा विचार आम्ही पुण्यामुंबईत बसून कधी केला नव्हता. काका सूडाचे समर्थक नाहीत. देवभोळे, मितभाषी गृहस्थ आहेत. परंतु दोन शेवटांतला कोणता खोटा, हे त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

एक दोष मात्र कोणत्याही पुनरुद्धाराने धुतला जाणारा नाही. राधा ही ठाकुराची विधवा सून. जयचे तिच्यावर मन जडते आणि ठाकूर स्वतः तिच्या वडिलांपाशी पुनर्विवाहाचा विषय काढतो. त्या काळच्या हिंदी चित्रपटास हे धाडसच म्हणावयाचे. पण मग लेखक जयला मारून टाकतात, आणि राधा खिडकी मिटून घेते. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून दाखविला होता. त्यानंतर ब्याऐंशी वर्षांनीही पडद्यावर ते लग्न लागू शकले नाही. जयच्या मृत्यूने मित्रप्रेमाचा रस उत्कट झाला हे मान्य, तरीही राधेचा प्रश्न सोडविण्याऐवजी तो संपवून टाकला अशी रुखरुख आम्हांस याही वेळी लागली.

तेव्हा घरी पाहणाऱ्याने काय करावे? जुन्या दोहोंपैकी एकच निवडावयाची झाली तर २०४ मिनिटांची डीव्हीडी घ्यावी आणि चौकटीचा विस्कळितपणा सोसावा. पुनरुद्धारित प्रत ज्याला मोठ्या पडद्यावर पाहावयास मिळेल त्याने तीच पाहावी. घरी पाहण्याची वेळ आली तर निदान बरा भोंगा जोडावा आणि पडद्याच्या खाली-वर दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांबद्दल दुकानदाराशी भांडू नये. त्या पट्ट्या असावयासच हव्यात.

हे सारे पाहताना मनात आपल्या चित्रपटांची आठवण येतच होती. २००३ साली पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि ‘प्रभात’च्या कित्येक मूळ नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. २०२३ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘श्यामची आई’ची पुनरुद्धारित प्रत दाखविली गेली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. परंतु भालजी पेंढारकरांचे घोड्यांच्या टापांनी भरलेले ऐतिहासिक चित्रपट अशाच निगुतीने कधी पाहावयास मिळतील? ‘शोले’मागे श्रीमंत निर्माता आणि अवघा देश उभा होता. आमच्या ‘छत्रपती शिवाजी’मागे कोण उभे राहणार, हा प्रश्न आम्ही या पानांतून देवस्थानांच्या आणि मंडळांच्या विश्वस्तांपुढे ठेवतो. सभामंडपाच्या छतास रंग देण्यासाठी जशी वर्गणी निघते, तशी एका फितीसाठी निघावयास काय हरकत आहे?

तिसऱ्या संध्याकाळी काकू देवापुढे दिवा लावून दिवाणखान्यात आल्या. मारामारीचा सिनेमा म्हणून त्या दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या. नेमके तेव्हा पडद्यावर राधा हवेलीच्या गच्चीवर एकेक दिवा मालवीत होती आणि खाली पायरीवर बसून जय माउथ ऑर्गन वाजवीत होता. एवढ्या दोन छोट्या दृश्यांसाठी मावळतीचा नेमका उजेड मिळावा म्हणून सिप्पी आणि दिवेचा यांनी वीस दिवस घालविले होते. डीव्हीडीवर तो उजेड गढूळ दिसतो. चित्रगृहात निळी सांज आणि दिव्याची पिवळी ज्योत निरनिराळी दिसली होती, ते आम्ही काकूंना सांगू लागलो. आम्ही म्हणालो, “ती दिवे विझवते आहे, तो प्रसंग पाहा.”

“विझवते म्हणू नये,” काकू पदर सावरीत खाली बसल्या. “शांत करते म्हणावं. अन् तुमचं ते यंत्र जरा मागं घ्या, मला पहिल्या दिव्यापासून बघू द्या.”